सात नंबर, आठ नंबर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात नंबरच्या जागेत एक गाडी चार वर्षं ताडपत्रीखाली झोपली होती, आणि आठ नंबरच्या जागेत एक गाडी मावत नव्हती.

सात नंबर ललिताबाईंचा. ताडपत्रीखाली पन्नास सालानंतर कधीतरी विलायतेहून आलेली, गडद हिरव्या रंगाची, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीच्या घाटाची गाडी होती. छप्पर कापडी, लांबच लांब नाक, आणि बसायची जागा इतकी खाली की पाय पसरूनच बसावं लागे. ललिताबाईंच्या यजमानांनी ती कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली होती. "हे दुरुस्त करायचे, मी चालवायची," असं बाई सांगत. यजमान गेले आणि दुरुस्ती थांबली, म्हणून चालवणंही थांबलं. बाईंचं वय तेव्हा बाहत्तर.

आठ नंबर जयसिंगरावांचा. धायरीत जिथे आमची सोसायटी उभी आहे तिथे त्यांचं शेत होतं. जमिनीच्या बदल्यात त्यांना सहा फ्लॅट मिळाले आणि ते सोसायटीचे अध्यक्षही झाले. त्या वर्षी, म्हणजे २००५ साली, त्यांनी पांढरीशुभ्र नवी एसयूव्ही घेतली. पार्किंगच्या रेघा छोट्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून मारलेल्या होत्या. एसयूव्हीचा आरसा सात नंबरच्या हद्दीत जायचा आणि दार उघडलं की ताडपत्रीला लागायचं.

"काकू, तुमची गाडी चालत नाय आणि माझी मावत नाय," जयसिंगराव एकदा ललिताबाईंना म्हणाले. "काहीतरी बघा की."

"मग तुमची थोडी कापून घ्या," बाई म्हणाल्या. "माझी आधीच लहान आहे."

जयसिंगराव हसले, पण गणपतीनंतरच्या सभेत ठराव आला. सेक्रेटरी गोपाळकृष्ण आठल्ये यांनी तो आपल्या वळणदार अक्षरात फलकावर लावला: 'जे वाहन दसऱ्यापर्यंत स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर जाऊन परत येणार नाही, ते वाहन न समजता अडगळ समजून हलवण्यात येईल.'

त्या संध्याकाळी ललिताबाई माझ्याकडे आल्या. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांना पार्किंगमध्येच गोळा करून काहीबाही दाखवत असे. कधी भिंग, कधी जुना पंखा, कधी नुसती बादली आणि पाणी.

"रंगनाथराव," बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलांना खोलायला काही हवंच असतं. माझी गाडी घ्या. दसऱ्याला अजून तीन आठवडे आहेत."

"आणि बिघडली तर?"

"भंगारवाल्याला बिघडलेली गाडी देऊ की न बिघडलेली, त्याला काय फरक पडतो? मला मात्र पडतो. एकदा तरी तिचा आवाज ऐकून मग काय ते होऊ दे."

पहिल्या रविवारी आम्ही ताडपत्री काढली. मुलं नऊ होती. त्यातली दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी. एक तेजस, त्याचे आईवडील दोघंही हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. दुसरी जयसिंगरावांची मुलगी शेफाली, वय बारा, बोलणं कमी आणि नजर बारीक.

मी गाडीला हात लावायच्या आधी मुलांना एक काम दिलं. सात आणि आठ नंबरच्या गाड्यांची तुलना करायची. तेजसने वहीत दोन रकाने आखले आणि अर्ध्या तासात निकाल लागला. माणसं किती बसतात? दोन आणि आठ. थंड हवा? नाही आणि आहे. सामान? एक पिशवी आणि अख्खा संसार. ब्रेक, दिवे, काचा, खड्ड्यातून जाणं, सगळीकडे एसयूव्ही पुढे.

"सर, हा कॉम्पिटिशनच नाहीये," तेजस म्हणाला. "ओल्ड कार टोटल फेल."

मला त्याचं म्हणणं खोडायचं नव्हतं, कारण ते खरं होतं. जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना जयसिंगरावांच्या आईंना, सरुबाईंना, श्वास लागला होता. तेव्हा याच एसयूव्हीने त्यांना दवाखान्यात पोचवलं. हिरवी गाडी त्या पाण्यात बुडाली असती. जुनं ते चांगलं असं मुलांना सांगणं सोपं असतं, पण मुलं मनातल्या मनात हसतात आणि मग आपण पुढे सांगितलेलं खरंही ती मानत नाहीत.

सरुबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुलांचा गलका ऐकायला त्या दर रविवारी येत. मुलांनी त्यांना विचारलं, "आजी, तुम्हाला कुठली आवडते?"

"आमची," त्या लगेच म्हणाल्या. "बैलगाडीवानी हाय. उंच बसाया मिळतं, समदं घर मावतं, आन् वाटंनं जाताना लोकं दिसत्यात. ही हिरवी म्हंजी शेळी. दूध बरं असंल, पर बसायचं कुठं?"

ललिताबाई मनापासून हसल्या.

"अजून एक ओळ लिही," मी तेजसला म्हणालो. "आत काय आहे."

हिरव्या गाडीचं बॉनेट दोन्ही बाजूंनी उघडलं. आत इंजिन उघडं पडलेलं. तारेला बोट लावून ती कुठून कुठे जाते ते पाहता येत होतं. मग शेफाली घरून किल्ली घेऊन आली आणि आम्ही एसयूव्हीचं बॉनेट उघडलं. आत एक मोठं काळं प्लास्टिकचं झाकण होतं आणि त्यावर कंपनीचं चिन्ह.

"याच्या खाली काय आहे?" शेफालीने विचारलं.

"खोलू नको!" जयसिंगराव गॅलरीतून ओरडले. "वॉरंटी जाईल!"

तेजसने ती ओळ रिकामी ठेवली.

पुढचे दोन रविवार आणि मधल्या बऱ्याच संध्याकाळी आम्ही त्या गाडीत हात काळे केले. टाकीतलं चार वर्षांचं शिळं पेट्रोल काढलं. नाना पेठेतून प्लग आणले, बुधवार पेठेतून वायर. ब्रेकचं काम मी मुलांच्या हाती दिलं नाही, त्यासाठी एक जुना मेकॅनिक बोलावला. बाकी सगळं मुलांनी केलं. मी फक्त विचारत असे, "का बंद पडली असेल? तीन कारणं सांगा." इंजिनला हवा लागते, इंधन लागतं, ठिणगी लागते. यातलं कुठलं नाही ते शोधायचं, एवढाच आमचा अभ्यास. शेफालीला तो इतका भिनला की घरातला मिक्सर बंद पडला तेव्हा तिने आईलाही तीन कारणं विचारली म्हणे.

खंडेनवमीच्या सकाळी ललिताबाईंनी चोक ओढला आणि गाडी सुरू झाली. आधी दोनदा खोकली, मग घुमायला लागली. मुलं नाचली. गाडी पाच मिनिटं तशीच घुमत ठेवून बाईंनी बंद केली आणि डोळे पुसून म्हणाल्या, "पुरे. पेट्रोल दोनच लिटर घातलंय. उद्या फाटकापर्यंत जायला बास आहे."

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीतल्या सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. चाकांखाली लिंबं होती. एसयूव्हीची पूजा झाली, ती लिंबं चिरडत रुबाबात पुढे-मागे झाली. मग सगळे सात नंबरभोवती जमले. आठल्ये वही आणि घड्याळ घेऊन फाटकाशी उभे राहिले. जयसिंगराव नव्या कपड्यांत हात मागे बांधून उभे होते. शेफालीने हळदकुंकू वाहिलं, सरुबाईंनी नारळ फोडला.

ललिताबाई बसल्या. गाडी एका झटक्यात सुरू झाली. लिंबं फुटली, टाळ्या पडल्या. गाडी दहा-बारा हात पुढे आली आणि तिचा आवाज बदलला. मागून पांढरट निळा धूर निघाला. ती थरथरली, दोन आचके दिले आणि फाटकाच्या चार पावलं अलीकडे बंद पडली.

बाईंनी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला. नुसतं कण्हणं.

"नऊ वाजून बेचाळीस मिनिटं," आठल्ये म्हणाले. "वाहन फाटकाच्या आत थांबलं."

मुलं धावली. शेफाली सगळ्यांत आधी मागच्या बाजूला गेली, टाकीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. ती तशीच वाकून राहिली.

तो वास माझ्यापर्यंतही आला होता. आणि मी गप्प राहिलो. उत्तर मुलांच्या हाताशी आलेलं असताना मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी ती सवय होती की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण मला समजलं होतं ते तिलाही समजलं होतं, आणि ते तिच्याच घरापर्यंत जात होतं.

"ठरावाप्रमाणे," आठल्ये वही मिटत म्हणाले, "उद्या सकाळी..."

"काका, थांबा," शेफाली सरळ उभी राहिली. "गाडी बिघडलेली नाही. हिच्यात डिझेल आहे."

"डिझेल? कुणी घातलं?"

शेफालीने वडिलांकडे पाहिलं. मग ती हळू पण स्पष्ट म्हणाली, "डिझेलचं पिंप सोसायटीत फक्त आमच्याकडे आहे."

सगळ्यांच्या माना जयसिंगरावांकडे वळल्या. जागा कुणाला हवी होती हे सगळ्यांना माहीत होतं.

"शेफाली!" जयसिंगरावांचा आवाज चढला. "चार लोकांत बापाचं नाव घेतीस? मी हात तरी लावला का त्या गाडीला?"

"मी तुमचं नाव नाही घेतलं, पप्पा. मी वास आला ते सांगितलं."

"तिच्यावर कशापायी वरडतोस?" मागून सरुबाई पुढे आल्या. "म्या सांगितलं भैरूला. काल सांजच्याला ट्रॅक्टरला घातलं, जीपला घातलं, ह्या तुझ्या हत्तीला घातलं. म्हनलं, त्या बाईंच्या गाडीचं बी पोट भर. पूजंला बसणारी गाडी उपाशी ठेवायची व्हय?"

भैरू म्हणजे त्यांच्या उरलेल्या शेतावर ट्रॅक्टर चालवणारा. जयसिंगरावांच्या घरी आधी बैल होते तेव्हा पोळ्याला त्यांना पोटभर चारल्याशिवाय पूजा व्हायची नाही. बैल गेले, इंजिनं आली, आणि खंडेनवमीला प्रत्येक इंजिनाची टाकी पिंपातून काठोकाठ भरायची अशी त्या घरची रीत पडली. पाण्याचा पंप, ट्रॅक्टर, जीप, आता एसयूव्ही. त्या घरात आजवर जे जे आलं ते त्या एकाच पिंपावर चाललं होतं. दुसरं काही पिणारी गाडी असते, हे सरुबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. तीन आठवडे खुर्चीत बसून त्यांनी सगळं ऐकलं, पण ती एक गोष्ट सांगायचं मलाही सुचलं नव्हतं.

सरुबाई ललिताबाईंच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, चुकलं का माझं?"

ललिताबाई स्टीअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या. "चार वर्षं हिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवायला घातलंत. पदार्थ चुकला, एवढंच."

मग त्या आठल्यांकडे वळल्या. "ठरावात दसऱ्यापर्यंत म्हटलंय. नऊ बेचाळीसला दसरा संपतो का हो?"

आठल्ये जयसिंगरावांकडे बघायला लागले. जयसिंगराव त्या छोट्या हिरव्या गाडीकडे, मग आईकडे, मग मुलीकडे बघत राहिले. त्यांना काही बोलायची गरज नव्हती. ठराव त्यांच्या बाजूने होता आणि जागा मोकळी होत होती.

त्यांनी नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"सर, काय काय खोलायचं?"

"टाकी रिकामी करायची, नळी धुवायची, कार्बोरेटरची वाटी साफ करायची, चारही प्लग पुसायचे," मी म्हणालो. "आणि पेट्रोल लागेल."

"पेट्रोल मी आणतो." ते एसयूव्ही घेऊन गेले आणि वीस मिनिटांत दोन कॅन भरून आले. तोवर मुलांनी टाकीखालचं बूच काढलं होतं आणि डिझेल बादलीत पडत होतं. जयसिंगराव मांडी घालून जमिनीवर बसले. त्यांनी पहिला प्लग काढला, उजेडात धरला, फुंकर मारली आणि कुणीही न सांगता घासायला घेतला.

"पप्पा, तुम्हाला येतं?" शेफाली बघतच राहिली.

"ट्रॅक्टर, पंप, जीप, काय खोललं नाय मी? तुझ्या वयाचा होतो तेव्हापासनं." ते थोडा वेळ घासत राहिले. "आता सर्व्हिसिंगला गाडी देतो, तर काचेच्या मागं बसवतात. कॉफी देतात. काचेतनं बघायचं आपलीच गाडी."

मुलांच्या आयांनी श्रीखंडपुरीची ताटं खालीच आणून दिली. काळ्या हातांनी जेवता येईना म्हणून सरुबाईंनी नातीला आणि मुलालाही घास भरवले. साडेचार वाजता सगळं परत जोडलं. गाडी पहिल्यांदा सुरू झाली नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा ढगभर धूर सोडून सुरू झाली आणि हळूहळू तो धूर विरला.

"सरुबाई, बसा," ललिताबाई शेजारची जागा थोपटत म्हणाल्या.

"म्या? ह्या शेळीत?"

"तुम्हीच चारलंत ना तिला."

सरुबाईंना आत बसवायला तिघं लागले. बसल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा हात बाहेर सोडला असता तर जमिनीला टेकला असता. "भुईवर बसल्यावानी वाटतंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "हितं आमचा घेवडा व्हायचा. ह्याच जागी. पाटी भरून पहाटं मंडईला न्यायचो."

"मंडईत कुणाकडे?"

"मुक्ताईच्या गाळ्यावर. असंल का नसंल आता, कुनास ठाऊक."

ललिताबाईंनी गिअर टाकला. गाडी फाटकाबाहेर गेली, कोपऱ्यापर्यंत गेली. तिथून वळून ती परत येणार म्हणून आम्ही सगळे उभे होतो. ती वळलीच नाही. सिंहगड रस्त्याच्या दिशेने आवाज लहान होत गेला.

"अहो, या गेल्या कुठे?" आठल्ये म्हणाले.

"मंडईला," शेफाली म्हणाली.

जयसिंगराव एसयूव्हीकडे पळाले. मुलं मागे कोंबली, दोरखंड घेतला, पान्यांची पेटी घेतली आणि तेही निघाले.

फाटकाशी मी आणि आठल्ये उरलो. आम्ही दोन खुर्च्या आणल्या. लोक सोनं द्यायला येत होते, जात होते. सूर्य बुडाला. आठल्ये दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत. दिवे लागले. जुनी गाडी रस्त्यात बंद पडली असणार, असं मला वाटायला लागलं होतं.

मग कोपऱ्यावर उजेड दिसला. उंचावर लागलेले दोन प्रखर दिवे सावकाश येत होते आणि त्यांच्या पुढे, त्याच उजेडात, ती ठेंगणी हिरवी गाडी. तिचे मागचे दिवे आम्ही दुरुस्तच केले नव्हते. तिला मागून कुणी धडकू नये म्हणून जयसिंगराव सगळे दिवे चमकवत, तिच्याच वेगाने तिच्यामागे येत होते. ज्या गाडीला वाट मोकळी करून द्यायची सगळ्या रस्त्याला सवय, ती एका शेळीच्या मागे चालत होती.

सरुबाईंच्या मांडीवर घेवड्याची पिशवी होती. "मुक्ताई नाय, तिची सून बसती गाळ्यावर," त्या खाली उतरायच्या आधीच सांगू लागल्या. "वळखलं मला तिनं!"

"उशीर यांच्यामुळे झाला," ललिताबाई म्हणाल्या. "अर्ध्या किलोसाठी अर्धा तास भाव केला."

सगळ्यांनी आठल्यांकडे पाहिलं. ते वही उघडून उभे होते. "मी खोटी वेळ लिहीत नाही," ते म्हणाले. "सूर्यास्त होऊन गेलेला आहे." मग त्यांनी खिशातून घडी घातलेला पंचांगाचा कागद काढला आणि दिव्याखाली धरला. "परंतु दशमी रात्री नऊ वाजून चार मिनिटांपर्यंत आहे. वाहन गेलं आणि परत आलं." त्यांनी तसं लिहिलं आणि खाली सही केली.

त्या रात्रीपासून जयसिंगराव आपली गाडी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली लावू लागले. आठ नंबरची जागा त्यांनी आमच्या रविवारच्या वर्गाला दिली.

पुढच्या रविवारी मात्र ती पांढरी गाडी पुन्हा आठ नंबरवर येऊन उभी राहिली. जयसिंगरावांनी स्वतः बॉनेट उघडलं आणि बाजूला झाले.

"सर, त्या वहीतली एक ओळ रिकामी हाय म्हणे," ते म्हणाले.

"आणि वॉरंटी?"

"बघू."

मुलं वाकून बघू लागली. आत तेच काळं झाकण. तेजस म्हणाला, "सर, हे ओपन होणारच नाही."

शेफालीने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत नेलं, कोपऱ्यावर थांबवलं आणि पेटीकडे हात पसरला.

"होईल," ती म्हणाली. "इथे स्क्रू आहेत."